‘राधेय’ : एका मातृनामाचा प्रवास

पौराणिक नावांच्या आजच्या आकर्षणाचा विचार करताना ‘राधेय’ या नावाकडे स्वतंत्रपणे पाहावे लागते. कारण ते मुळात व्यक्तिनाम नाही. पाणिनीय व्याकरणातील ढक् प्रत्ययाने स्त्रीनामापासून अपत्यवाचक शब्द सिद्ध होतो : विनतेचा वैनतेय, कुंतीचा कौंतेय, राधेचा राधेय. जन्मदात्री आणि पालनकर्ती असा भेद हा प्रत्यय करीत नाही. तो समाज करतो.

महाभारतात अधिरथाने या मुलाचे नाव वसुषेण असे ठेवविले. ‘राधेय’ हे इतरांच्या तोंडी केवळ संबोधन आहे. उद्योगपर्वात मात्र कर्णापुरते ते निर्णयाचे रूप घेते. कृष्ण जन्मरहस्य सांगून राज्य देऊ करतो, तेव्हा कर्ण राधेचे दूध आणि तिने काढलेले मलमूत्र यांचे स्मरण देतो. पुढे कुंतीला अभिवादन करतानाही तो हेच मातृनाम उच्चारतो आणि कुंती तत्काळ ते नाकारते. दोन मातृनामांचा हा संघर्ष म्हणजे सूतकुल आणि राजकुल यांतील निवडही आहे.

आधुनिक साहित्याने हा पेच पुन्हा हाती घेतला. दिनकरांनी हिंदीत ‘रश्मिरथी’मध्ये (१९५२) कर्णकथा उपेक्षितांच्या प्रश्नाशी जोडली. मराठीत शिरवाडकरांचे नाटक ‘कौंतेय’ (१९५३), तर रणजित देसाई यांची कादंबरी ‘राधेय’ (१९७३). शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’ने (१९६७) दरम्यान कर्णाला घराघरांत पोहोचविले होते. या नावामागे आज जे वलय आहे, ते प्राधान्याने या कादंबऱ्यांनी घडविले, असे म्हणावयास हरकत नाही.

परंतु हे वलय दानशूर, अन्यायग्रस्त नायकाचे आहे, राधेचे नव्हे. ‘राधा’ म्हणताच आपल्याला वृंदावन आठवते, अधिरथाच्या घरातील सूतस्त्री आठवत नाही. शिवाय राधा नसलेल्या आईच्या मुलाला ‘राधेय’ म्हणताना प्रत्ययाचा अर्थच गळून पडतो आणि मातृनामाचे निव्वळ वीरनाम होते. महाराष्ट्रात १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या शासकीय नोंदींत वडिलांच्या नावाआधी आईचे नाव लिहिणे बंधनकारक झाले आहे. अशा काळात या नावातील हरवलेली राधा अधिकच जाणवते. कर्णाने ज्या स्त्रीसाठी सिंहासन नाकारले, तिला वगळून त्याचे नाव स्वीकारणे म्हणजे त्याचा निर्णयच अमान्य करणे होय.