क्रिस्तपुराण : अधिकार आणि सत्ता

मत्तयाच्या शुभवर्तमानाचा शेवट एका आज्ञेने होतो. पुनरुत्थित येशू गालीलातील डोंगरावर अकरा शिष्यांना भेटतो, स्वर्गात आणि पृथ्वीवर आपल्याला सर्व अधिकार दिला गेल्याचे सांगतो, आणि म्हणून तुम्ही सर्व राष्ट्रांत जाऊन शिष्य करा, असे फर्मावतो. ख्रिस्ती धर्मप्रसाराचे मूळ येथे आहे. आधी अधिकार, मग आज्ञा, हा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. पाठविला जाणारा आपल्या नावाने बोलत नाही. मात्र हा अधिकार नेमका कोणता, हा प्रश्न मराठी वाचकापुढे फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ फार तीव्रतेने उभा करते.

स्टीफन्स हे जन्माने इंग्रज. 1579 मध्ये ते येशूसंघाचे सदस्य म्हणून गोव्यात आले आणि 1619 मध्ये मरण पावले. त्यांचे बहुतेक आयुष्य साष्टीत गेले. 1616 मध्ये राशोल येथे रोमन लिपीत छापलेल्या या ग्रंथात सुमारे अकरा हजार ओव्या आहेत. पहिल्या पुराणात सृष्टीच्या उत्पत्तीपासूनचा जुना करार आहे, दुसऱ्यात ख्रिस्तचरित्र. परक्या मातीतल्या या माणसाने मराठीची तुलना रत्नांतील निळ्याशी, फुलांतील मोगऱ्याशी, परिमळांतील कस्तुरीशी केली, याचे कौतुक आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. त्या कौतुकापाशी थांबले, तर ग्रंथाचे खरे मर्म हातून निसटते.

ते मर्म ग्रंथाच्या आरंभीच्या प्रसंगात आहे. पाद्री धर्मशिक्षण देत असता एक नवख्रिस्ती ब्राह्मण उठून विनंती करतो, की पूर्वीची पुराणे तर आम्हांस वर्ज्य झाली. त्यांच्या जागी आमच्या भाषेत दुसरे काही द्यावे. कथेच्या ओघातही श्रोते शंका विचारतात आणि पाद्री त्यांचे निरसन करतो. ही आपल्या पुराणांची वक्ता-श्रोता परंपरा होय. स्टीफन्स यांनी स्वर्गाला वैकुंठ म्हटले, ओवी स्वीकारली. पण त्याहून मोठी गोष्ट ही, की श्रोत्याला प्रश्न विचारण्याचा मान दिला. मराठीत ‘अधिकार’ या शब्दाचे दोन अर्थ नांदतात. एक पदाने मिळणारा, दुसरा साधनेने. ‘अधिकारी पुरुष’ म्हणताना आपल्या मनात दुसरा अर्थ असतो. ओवी आत्मसात करून श्रोत्याच्या शंकेशी झुंजणारे स्टीफन्स या दुसऱ्या अर्थाने अधिकारी आहेत, हे मान्य करावयास हवे.

परंतु त्या ब्राह्मणाच्या विनंतीत एक कळ लपलेली आहे. पुराणे वर्ज्य केली कोणी? साष्टीतील देवळे 1567 च्या सुमारास पाडली गेली होती. धर्मन्यायालय 1560 पासून गोव्यात होते. 1583 मध्ये कुंकळ्ळीस पाच येशूसंघीयांची हत्या झाली आणि त्यानंतर तेथील गावकरांना असोळणेच्या किल्ल्यात बोलावून ठार मारण्यात आले. स्टीफन्स तेव्हा गोव्यातच होते. ज्याची पोथी हिरावली गेली तो नवी पोथी मागतो, ही मागणी सर्वस्वी मोकळ्या मनाची कशी म्हणावी? श्रोत्याला प्रश्न विचारण्याची मुभा आहे. उठून जाण्याची नाही. येथे साधनेचा अधिकार आणि किल्ल्याची सत्ता एकाच व्यासपीठावर बसलेली दिसतात.

हा आक्षेप ख्रिस्ती श्रद्धेबाहेरचा आहे, असे कोणी म्हणेल. तो तिच्या आतलाच आहे. त्याच मत्तयात सैतान येशूला उंच डोंगरावर नेऊन जगातील सर्व राज्ये देऊ करतो आणि येशू ती नाकारतो. गालीलातील डोंगरावर सांगितलेला अधिकार हा राज्ये नाकारणाऱ्याचा अधिकार आहे. आणि तो ऐकणाऱ्यांपैकी काही जण संशयात होते, हेही शुभवर्तमानकाराने लपविलेले नाही. राजसत्तेच्या आधाराने पाळलेली ती आज्ञा, म्हणून, तिच्या स्वतःच्याच निकषावर उणी ठरते.

मराठीतच याचा पडताळा आहे. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी 1917 मध्ये अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडली आणि संन्यस्त वृत्तीने ‘देवाचा दरबार’ उभारण्याचा प्रयत्न केला. दोनच वर्षांत ते गेले. दरबार मोठा झाला नाही. पण पगार आणि पद सोडल्यावरही ख्रिस्ताची आज्ञा उरते, हे त्यांनी जगून दाखविले. स्टीफन्स यांच्या काव्याला जी कसोटी द्यावी लागली नाही, ती टिळकांच्या आयुष्याने दिली.

आपल्यापैकी अनेकांची कुलदैवते त्याच साष्टीतून अंत्रुजात गेली. अशा घरातल्या वाचकाने क्रिस्तपुराण वाचावे की नाही? वाचावे, असे माझे मत आहे. मात्र मोगऱ्याच्या त्या ओव्यांत दंग होऊन इतिहास विसरू नये, आणि इतिहासाच्या रागात ओव्यांचे मोलही नाकारू नये. पाडलेल्या देवळाचे दुःख आणि त्याच मातीत उमटलेली उत्तम ओवी, दोन्ही आपल्याच भाषेची मिळकत आहे. एकीचा हिशेब दुसरीने फिटत नाही. सत्ता 1961 मध्ये गेली, ओवी राहिली. तिचा अधिकार आता केवळ तिचा आहे, आणि तो तपासण्यास आपण, त्या पहिल्या श्रोत्याहून वेगळे, पूर्ण मोकळे आहोत.