‘एनर्गीवेंडे’ : संज्ञा आणि धोरण

जर्मनीच्या ऊर्जाधोरणाची चर्चा बहुधा मेगावॉट आणि दर यांच्या परिभाषेत होते; ज्या शब्दाच्या छायेत ते धोरण वाढले त्याची चिकित्सा क्वचितच केली जाते. ‘एनर्गीवेंडे’ हा शब्द शासनाच्या कचेरीत घडलेला नव्हे. फ्रायबुर्ग येथील ‘एको-इन्स्टिट्यूट’ या संस्थेसाठी क्राउझ, बोसेल आणि म्यूलर-राइसमान यांनी १९८० साली सिद्ध केलेल्या ग्रंथाच्या शीर्षकाने तो प्रचारात आणला. वील येथील नियोजित अणुवीजकेंद्राला झालेल्या विरोधाच्या वातावरणात ही संस्था १९७७ साली जन्मास आली होती.

मराठीत या संज्ञेसाठी ‘ऊर्जासंक्रमण’ हा प्रतिशब्द योजला जातो. तो समाधानकारक नाही. जर्मन भाषेत ‘झोनेनवेंडे’ म्हणजे अयनबिंदू. तेथे सूर्याची दिशा पालटते. संक्रमणात सूर्य एका राशीतून पुढील राशीत जातो, गती त्याच दिशेने चालू राहते. (मकरसंक्रमण आणि उत्तरायणारंभ लोकव्यवहारात एकच मानले गेल्यामुळे हा भेद आपल्या सहसा ध्यानी येत नाही.) पूर्वीच्या मार्गाकडे पाठ फिरविण्याचा जो भाव मूळ शब्दात आहे, तो प्रतिशब्दात लोपतो. ‘पीकपालट’च्या धर्तीवर बनविलेला ‘ऊर्जापालट’ त्यापेक्षा जवळचा ठरावा.

परंतु पाठ फिरवावयाची ती कशाकडे? मूळ ग्रंथाचे उपशीर्षक याचे स्पष्ट उत्तर देते : खनिज तेल आणि युरेनियम यांवाचून वाढ व समृद्धी. त्यात कोळशाचा उल्लेख नाही, आणि हे अनवधान नव्हे. ग्रंथकर्त्यांच्या आराखड्यात स्वदेशी कोळशाला स्थानच होते. १९७३ च्या तेलसंकटानंतरच्या काळात ते स्वाभाविक म्हणता येईल. २०११ नंतर हा शब्द शासनाच्या तोंडी रुळला तेव्हा उपशीर्षक गळून पडले, त्यातील क्रम मात्र टिकला. अणुशक्तीच्या ‘आउसष्टीग’चा, म्हणजे शब्दशः वाहनातून उतरण्याचा, कायदा २००२ साली झाला; २०१० साली मुदत वाढविण्यात आली; फुकुशिमाच्या अपघातानंतर २०११ साली ती वाढ रद्द झाली आणि १५ एप्रिल २०२३ रोजी अखेरची तीन केंद्रे बंद पडली. कोळशाचा त्याच जातीचा कायदा २०२० साली आला, त्याची अंतिम मर्यादा २०३८. कार्बनच्या उत्सर्जनाचा विचार करता हा क्रम उलट असावयास हवा होता. दोष १९८० च्या ग्रंथकर्त्यांचा नव्हे. प्रश्न बदलल्यावरही शब्दाचा जुना आशय न तपासता तो वापरणाऱ्यांचा आहे.

पूर्वपदाचीही गत निराळी नाही. २००० सालच्या कायद्याने सूर्य, वारा इत्यादींपासून केलेल्या विजेला वीस वर्षे निश्चित दर दिला, आणि २०२३ साली देशातील वीजवापराचा निम्म्याहून अधिक भाग अशा स्रोतांतून भागला. हे यश मोठेच आहे, पण ते विजेचे आहे. घरे तापविणे आणि वाहने चालविणे यांसाठी तेल व वायू यांवरील अवलंबन त्या वर्षीही फारसे सुटलेले नव्हते. शब्दात ‘एनर्गी’ आहे. व्यवहारात तिचा अर्थ ‘वीज’ एवढाच संकोचला आहे.