पन्हाळेकाजी, हठयोग आणि कायेची विश्रांती

संयुक्त राष्ट्रसंघाने ११ डिसेंबर २०१४ रोजी २१ जून हा आंतरराष्ट्रीय योगदिन म्हणून घोषित केला. तेव्हापासून दरवर्षी जून महिना उजाडला की आमच्या विहारांतून एक प्रश्न हमखास विचारला जातो : बौद्धांनी योगासने करावीत काय? या प्रश्नाला दोन उत्तरे तयार असतात. योग हा ब्राह्मणी परंपरेचा वारसा असल्याने तो आपण वर्ज्य मानावा, हे पहिले उत्तर. दुसरे उत्तर अलीकडचे असून अधिक उत्साहाने दिले जाते. हठयोग मुळात बौद्धांचाच आहे, तो आपल्याकडून हिरावला गेला, म्हणून आपण तो परत घ्यावा, असे ते उत्तर आहे. या दुसऱ्या उत्तराचा आधार आमच्याच रत्नागिरी जिल्ह्यातील एका लेणीसमूहाशी आणि त्याच्या अनुषंगाने झालेल्या संशोधनाशी निगडित असल्यामुळे त्याची चिकित्सा करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

दापोली तालुक्यात कोटजाई नदीच्या काठी पन्हाळेकाजी येथे २९ लेण्यांचा समूह आहे. शिलाहारकालीन ताम्रपटात या स्थळाचा ‘प्रणालक’ असा उल्लेख येतो. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे महासंचालक राहिलेले म. ना. देशपांडे यांनी या लेण्यांवर लिहिलेला ग्रंथ १९८६ साली प्रसिद्ध झाला. आरंभी हीनयानी भिक्खूंचा आवास, नंतर वज्रयानाचे केंद्र आणि अखेरीस नाथपंथाचे स्थान, अशी या लेण्यांची अवस्थांतरे त्यांनी शिल्पांच्या साक्षीने उलगडून दाखविली. एका लेण्यात महाचंडरोषण या वज्रयानी देवतेची मूर्ती आहे, तर अन्य लेण्यांत मत्स्येंद्र, गोरक्ष व सिद्धांच्या आकृती कोरलेल्या आहेत. एकाच नदीकाठी, एकाच कातळात बुद्धशासनाचा उदय आणि त्याचे विसर्जन ही दोन्ही वाचता यावीत, असे स्थळ महाराष्ट्रात दुर्मीळ आहे.

शिल्पांतील या स्थित्यंतराला ग्रंथांची जोड मिळाली ती अलीकडे. ‘अमृतसिद्धि’ हा संस्कृत ग्रंथ साधारणतः अकराव्या-बाराव्या शतकातील. जेम्स मॅलिन्सन व पीटर-डॅनियल सांतो यांनी त्याची संशोधित आवृत्ती २०२१ साली प्रसिद्ध केली. पुढे पंधराव्या शतकातील हठप्रदीपिकेने ज्यांना मानाचे स्थान दिले, त्या महामुद्रा, महाबंध व महावेध या क्रिया, मस्तकातील चंद्र, त्यातून पाझरणारे अमृत, उदरातील सूर्य आणि बिंदूचे रक्षण, हे सर्व पद्धतशीरपणे प्रथम या ग्रंथात येते. आणि हा ग्रंथ वज्रयानी वातावरणात, सिद्ध विरूपाच्या परंपरेत रचला गेला, हे त्याच्या परिभाषेवरून मॅलिन्सन यांनी दाखविले. अमृतसिद्धीचा कर्ता आपल्या साधनेस ‘हठयोग’ म्हणत नाही, हे खरे. परंतु तो शब्दही प्रथम गुह्यसमाजतंत्रासारख्या वज्रयानी ग्रंथांतच आढळतो. २०१९ सालच्या आपल्या निबंधात मॅलिन्सन यांनी कोकण किनाऱ्यावरील मठांमधून ही साधना वज्रयानाकडून शैव नाथांकडे कशी गेली, याचा मागोवा घेतला आहे. मंगळूरजवळील कदरी, जेथे ९६८ सालची लोकेश्वराची भव्य धातुमूर्ती आजही मंजुनाथाच्या मंदिरात आहे, आणि आमचे पन्हाळेकाजी ही त्यांची साक्षीस्थळे होत.

या संशोधनाचे मोल आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. योग म्हणजे वेदकाळापासून अखंड वाहत आलेला एकच एक प्रवाह, ही समजूत त्यामुळे टिकत नाही. परंतु संशोधनाचा आदर करणे निराळे आणि त्याच्या प्रत्येक निष्कर्षापुढे मान तुकविणे निराळे. मॅलिन्सन आपल्या निबंधाच्या शीर्षकात ‘कालवंचन’ हा शब्द वापरतात. कालवंचन म्हणजे मृत्यूला चकविणे. वज्रयानी हठसाधनेने नाथांच्या रूपाने भारतातील बौद्धधम्माच्या मृत्यूला हुलकावणी दिली, असा त्यांचा आशय आहे. येथे आमचा मतभेद आहे. पन्हाळेकाजीत टिकले ते तंत्र. धम्म टिकला काय? भिक्खुसंघ गेला, उपासकांचा समुदाय गेला, पंचशील गेले, अनित्य व अनात्म यांचे शिक्षण गेले. श्वास रोखण्याची आणि बिंदू राखण्याची कृती तेवढी हातोहात पुढे गेली. यास धम्माचे जगणे म्हणता येत नाही. घर पडले आणि घरातले एक भांडे शेजाऱ्याकडे राहिले, इतकाच याचा अर्थ.

याच्या उलट उदाहरणही रत्नागिरीशीच जोडलेले आहे. ब्रह्मदेशाचा अखेरचा बौद्ध राजा थिबा याला इंग्रजांनी १८८५ साली पदच्युत केले आणि १८८६ मध्ये रत्नागिरीस आणून ठेवले. येथेच १९१६ साली त्याचा मृत्यू झाला. १९१० साली त्याच्यासाठी बांधलेला राजवाडा आजही उभा आहे. राजाश्रय तुटताच ब्रह्मी भिक्खूंपुढे शासनाच्या रक्षणाचा प्रश्न उभा राहिला. त्या वेळी लेडी सयाडो (१८४६–१९२३) यांनी अभिधम्माचे अध्ययन आणि विपश्यना यांची दारे गृहस्थांसाठी उघडली, हे एरिक ब्राउन यांनी २०१३ सालच्या ग्रंथात सविस्तर मांडले आहे. तीच परंपरा पुढे ऊ बा खिन यांच्याकडून सत्यनारायण गोयंका यांच्यामार्फत १९६९ साली भारतात आली आणि १९७६ साली इगतपुरीस स्थिरावली. येथेही आधार तुटला होता. पण भिक्खूंनी साधनेबरोबर शील, ग्रंथ आणि समुदाय लोकांच्या हाती दिले. पन्हाळेकाजीत तंत्र गेले आणि लोक मागे राहिले, ब्रह्मदेशात लोकांसह तंत्र गेले. धम्म जगतो कशाने, याचे उत्तर या दोन घटना शेजारी ठेवल्या म्हणजे मिळते.

आता ‘योग आपलाच’ या युक्तिवादाकडे वळू. तो ऐकावयास गोड आहे, पण त्याची रीत तपासली पाहिजे. योग ब्राह्मणांचा म्हणून त्याज्य आणि योग बौद्धांचा म्हणून ग्राह्य, ही दोन्ही विधाने साधनेचे मूल्य तिच्या कुळावरून ठरवितात. माणसाची योग्यता जन्मावरून ठरवू नये, हे तथागतांनी वासेट्ठाला समजावले. त्याच तत्त्वासाठी बोधिसत्त्व बाबासाहेबांनी आपले आयुष्य वेचले. माणसाला जे माप आपण नाकारले, तेच माप साधनेला लावावयाचे काय? कालामांना तथागतांनी दिलेली कसोटी निराळी आहे : परंपरेने आले म्हणून स्वीकारू नका, जे अकुशल व दुःखकारक असल्याचे स्वतः जाणाल ते सोडा, जे कुशल व हितकारक असल्याचे जाणाल ते आचरा. ही कसोटी वज्रयानालाही लागू आहे. आणि ती लावली तर अमृतसिद्धीचे ध्येय आम्हांस स्वीकारता येत नाही. काया अविनाशी करावी आणि काळाला फसवावे, ही आकांक्षा अनित्यतेच्या शिकवणुकीशी मेळ खात नाही. सतिपट्ठानसुत्तातील भिक्खू काया जिंकावयास निघालेला नाही. तो ती जाणावयास बसलेला आहे.

पालि ग्रंथांत कायेच्या विश्रांतीचा विचार नाही, असे मात्र कोणी समजू नये. तो विपुल आहे, आणि त्याचे सूत्र ‘पस्सद्धि’ म्हणजे प्रशांतता हे आहे. बोधीच्या सात अंगांपैकी ते एक होय. महासच्चकसुत्तात (मज्झिमनिकाय ३६) बोधिसत्त्वाने दातावर दात आवळून व जीभ टाळूला लावून चित्त दडपल्याचे, नंतर श्वासोच्छ्वास कोंडून ‘अप्पाणक झान’ केल्याचे वर्णन आहे. परिणाम काय? कानांतून वाऱ्याचा घोंघाट, मस्तकात व उदरात तीव्र वेदना. धैर्य होते, स्मृती होती, पण त्या कष्टांनी काया उत्तेजित झाली, शांत झाली नाही. हठाच्या मार्गावरचा हा अभिप्राय हठयोगाच्या जन्मापूर्वीच नोंदविला गेला आहे. त्यानंतर बोधिसत्त्वाला आठवली ती जांभळीच्या झाडाची छाया, जेथे लहानपणी तो सहज ध्यानस्थ झाला होता. आणि त्याने अन्न घेतले. बाबासाहेबांनीही ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात ध्यानमार्गाची व तपश्चर्येची परीक्षा आणि तिचा त्याग हा क्रम आवर्जून सांगितला आहे.

वितक्कसंठानसुत्तातील (मज्झिमनिकाय २०) दृष्टान्त तर आजच्या धावपळीच्या माणसासाठीच सांगितल्यासारखा आहे. एक माणूस भरभर चालत असतो. मी इतका घाईने का चालतो आहे, असे त्याच्या मनात येते. तो हळू चालू लागतो. मग हळू तरी का, म्हणून थांबतो; उभा का, म्हणून बसतो; बसलो का, म्हणून आडवा होतो. एकेक स्थूल अवस्था सोडून तो सूक्ष्म अवस्थेकडे येतो. येथे विश्रांतीचा आरंभ आसनाने होत नाही, प्रश्नाने होतो. जीभ टाळूला लावून चित्त दाबण्याचा उपाय याच सुत्तात आहे, परंतु तो अखेरचा, बाकीचे चार निष्फळ ठरल्यानंतरचा. हालचालीलाही पालि परंपरेने मान दिला आहे. अंगुत्तरनिकायात चंक्रमणाचे पाच लाभ सांगितले आहेत : दूरचा प्रवास झेपतो, उद्योगाची ताकद राहते, आरोग्य लाभते, खाल्लेले पचते आणि चालताना साधलेली समाधी दीर्घकाळ टिकते. पक्वान्नांनी जड झालेल्या भिक्खूंना पाहून वैद्य जीवकाने तथागतांकडे चंक्रमण व उष्णस्नानगृह यांची अनुमती मागितली आणि ती मिळाली, अशी नोंद चुल्लवग्गात आहे. देहाची निगा हा येथे विटाळ मानलेला नाही.

पाश्चात्त्य देशांत थॉमस हॅना यांनी १९७० च्या दशकात ‘सोमॅटिक्स’ या नावाने देहशिक्षणाची एक शाखा रूढ केली. त्यामागे मोशे फेल्डेनक्रायस यांच्यासारख्यांचे कार्य होते. देह बाहेरून आरशात पाहावयाची वस्तू नसून आतून अनुभवावयाची गोष्ट आहे, हा तिचा गाभा. सावकाश, अल्प हालचाल करावी, लक्ष संवेदनेवर ठेवावे आणि नकळत जखडलेले स्नायू मोकळे होऊ द्यावेत, ही तिची रीत. कायेत कायेचे अनुदर्शन करणाऱ्या साधकास ही रीत परकी वाटणार नाही. शवासनाने थकवा जातो, असे हठप्रदीपिका सांगते, आणि ते कोणीही करून पाहावे. ज्याची पाठ आसनाने सुटते त्याने आसन करावे. त्यासाठी त्याला ना बौद्ध वंशावळीची गरज आहे, ना कोणाची क्षमा मागण्याची. परंतु पस्सद्धि हे अंग आहे, संपूर्ण मार्ग नव्हे. शीलाशिवाय आणि प्रज्ञेशिवाय मिळालेली स्वस्थता ही थोड्या वेळाची झोप आहे. आजचा स्वास्थ्याचा बाजार नेमके हेच विसरावयास लावतो. ताण कोठून आला हे न विचारता तो सोडावा कसा, एवढेच तो शिकवितो.

आणि येथे खरा प्रश्न उभा राहतो : विश्रांती कोणाची? अंगुत्तरनिकायात आळवी येथील प्रसंग आहे. हिवाळ्याच्या कडाक्यात, गुरांच्या वाटेवर, पानांच्या अंथरुणावर तथागत बसलेले असतात. झोप सुखाची झाली ना, असे हत्थक आळवक विचारतो. जगात सुखाने झोपणाऱ्यांपैकी मी एक आहे, असे तथागत उत्तरतात. कारण राग, द्वेष व मोह यांचा दाह ज्याला आहे, त्याला महालातील गादीवरही झोप नाही. हे सुत्त सांगून गरिबाला पानांच्या अंथरुणावर समाधान मानावयास लावणारे उपदेशक निघतील, म्हणून त्यापुढे त्याच आळवीतील दुसरी कथा ठेवली पाहिजे. ती धम्मपदाच्या अट्ठकथेत आहे. हरवलेला बैल शोधून दमलेला, उपाशी शेतकरी उशिरा सभेत येतो. त्याच्यासाठीच थांबलेले तथागत आधी त्याला जेवू घालण्यास सांगतात. त्याचा शीण उतरल्यावरच धम्मदेशना सुरू होते. स्वतः निवडलेले पानांचे अंथरूण आणि दुसऱ्यावर लादलेली भूक यांतील भेद तथागतांनी कधीच पुसला नाही.

बाबासाहेबांनी हा भेद कायद्यात उतरविला. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात ते मजूरमंत्री असताना १९४६ च्या कारखाने दुरुस्ती कायद्याने आठवड्याच्या कामाचे तास ५४ वरून ४८ वर आले. कामगाराच्या देहाला मिळालेले ते सहा तास कोणत्याही शवासनाहून कमी मोलाचे नाहीत. २१ जूनला मैदानावर सतरंज्या अंथरल्या जातात, तेव्हा कोकणात भातलावणी तोंडावर आलेली असते. गुडघाभर चिखलात दिवसभर कंबरेत वाकून आवे लावणाऱ्या आमच्या भगिनींना पुढे वाकण्याचे आसन शिकविण्याची आवश्यकता नाही. त्यांना पाठ टेकावयास वेळ हवा, न्याय्य मजुरी हवी, आणि घरी परतल्यावर चुलीपुढे पुन्हा वाकावे न लागेल असे घर हवे. ते घर घडविणे हा पुरुष उपासकांच्या सम्यक कर्मान्ताचा भाग आहे.

पन्हाळेकाजीपासून आंबडवे फार दूर नाही. बाबासाहेबांचे ते मूळ गाव शेजारच्याच मंडणगड तालुक्यात आहे. पन्हाळेकाजीच्या कातळातून धम्म निघून गेल्यानंतर कित्येक शतकांनी, १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर, तो याच परिसरातील वाड्यावाड्यांत परतला. तो कोणत्याही मुद्रेच्या वा बंधाच्या बळावर परतला नाही. माणसांनी एकमेकांशी समतेने वागण्याचा निश्चय केला, म्हणून परतला. तेव्हा पन्हाळेकाजी अवश्य पाहावे, विहारातील मुलांना तेथे न्यावे, आणि महाचंडरोषणापासून गोरक्षापर्यंतचा इतिहास त्यांना निःसंकोच सांगावा. मात्र परतताना, हे आपले होते, एवढ्यावर थांबू नये. आपल्याकडून काय सुटले म्हणून हे दुसऱ्याचे झाले, हा प्रश्न त्यांच्यापुढे ठेवावा. त्या प्रश्नाचे उत्तर शोधणे हेच आमच्या मते या लेण्यांचे खरे वाचन होय.