‘तू’ आणि ‘ती’ : आसन्नमरण आप्ताच्या छायाचित्रांविषयी

आसन्नमरण आप्ताच्या अखेरच्या महिन्यांची छायाचित्रे काढावीत काय, आणि काढल्यास ती लोकांपुढे मांडावीत काय, हे दोन प्रश्न बहुधा एकच समजून चर्चिले जातात. पहिल्याचा निर्णय घरात व्हावयाचा असतो. दुसरा समीक्षेच्या कक्षेत येतो. त्या दुसऱ्या प्रश्नाची चर्चाही प्रामुख्याने औचित्य, क्रौर्य, संमती या नीतिविचारातील संज्ञांच्या आधारे होत आली आहे. या संज्ञा टाकाऊ आहेत असे नाही. परंतु एकाच विषयावरील दोन चित्रमालिकांपैकी एक आपणांस आत घेते आणि दुसरी दाराशीच संकोचून उभे करते, असे का व्हावे, याचा उलगडा त्यांनी होत नाही. तो भेद व्याकरणातील ‘पुरुष’ या कल्पनेच्या आधारे पाहता येईल काय, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

बोलणारा तो प्रथम पुरुष, ज्याच्याशी बोलावयाचे तो द्वितीय पुरुष आणि ज्याच्याविषयी बोलावयाचे तो तृतीय पुरुष, हे आपण शाळेत शिकतो. हा भेद व्यक्तींचा नसून संभाषणातील स्थानांचा आहे. जी व्यक्ती समोर असता ‘तू’ असते, तीच आपण दुसऱ्याकडे वळून बोलू लागलो की ‘ती’ होते. मराठीत याखेरीज आणखी एक भेद आहे. ‘आम्ही’ हे सर्वनाम श्रोत्याला वगळते; ‘आपण’ त्याला सामावून घेते. रुग्णाच्या खाटेपाशी ‘आपण दिवाळीला घरी जाऊ’ असे म्हणणारी माणसे दाराबाहेर येताच ‘आम्ही काय करावे?’ असे कुजबुजू लागतात. ते ज्याने ऐकले आहे, त्याला हा भेद केवळ पाठ्यपुस्तकातला वाटणार नाही.

छायाचित्र घेतले जात असता घेणारा आणि समोरचा यांच्यात ‘मी’ आणि ‘तू’ असा संबंध असतो. ते प्रसिद्ध झाले की घेणारा प्रेक्षकाशी बोलू लागतो आणि समोरची व्यक्ती तृतीय पुरुषात जाते. हे स्थलांतर प्रत्येक प्रसिद्ध छायाचित्रात घडते. मात्र एरवी ती व्यक्ती हरकत घेऊ शकते, रुसू शकते, ‘हा मी नव्हे’ असे म्हणू शकते. थोडक्यात, पुन्हा ‘तू’ होऊ शकते. मृत व्यक्तीला हा परतीचा मार्ग नाही. म्हणून अशा मालिकेला विचारावयाचा प्रश्न असा की, प्रसिद्धीनंतरही मूळच्या ‘तू’ची काही खूण तीत शिल्लक राहिली आहे काय? तीन उदाहरणे घेऊन हे पाहू.

अमेरिकन छायाचित्रकार रिचर्ड ॲवेडन यांनी १९६९ पासून १९७३ पर्यंत आपले वडील जेकब इझ्रायल ॲवेडन यांची छायाचित्रे काढली. कर्करोगाने वडिलांचे निधन झाले आणि १९७४ मध्ये ही मालिका न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात मांडली गेली. पांढऱ्या पार्श्वभूमीवर केवळ माणूस. घर नाही, खाट नाही, औषधाची बाटली नाही. वरवर पाहता ही तृतीय पुरुषाची परिसीमा वाटावी. परंतु वडिलांना ही चित्रे आवडत नव्हती आणि मुलाने त्यांना पत्र लिहून आपली बाजू मांडली होती. कॅमेऱ्यापुढे वडील जे सौम्य, शहाणे हसू आणीत ते मुलाला नको होते. त्यांच्यातील ईर्ष्या आणि अस्वस्थता त्याला हवी होती. तात्पर्य, येथे वाद झाला होता. वडिलांना नापसंतीचा अधिकार होता आणि तो त्यांनी बजावलाही. चित्रातील ताण याच वादाचा आहे. येथील ‘तू’ प्रेमळ संबोधनाचा नव्हे, भांडणाचा आहे. परंतु भांडणही द्वितीय पुरुषातच होते.

दुसरे उदाहरण अधिक अवघड आहे. लेखिका सुझन सोन्टॅग यांचे २८ डिसेंबर २००४ रोजी रक्ताच्या कर्करोगाने निधन झाले. त्यांच्या दीर्घकाळच्या सहचारिणी ॲनी लायबोविट्झ यांनी त्यांच्या आजारपणाची आणि मृतदेहाचीही छायाचित्रे घेतली व २००६ मध्ये, १९९० ते २००५ या काळातील आपल्या कामाच्या संग्रहात, ती प्रसिद्ध केली. छायाचित्र घेणे म्हणजे दुसऱ्याच्या मर्त्यपणात सहभागी होणे, हा विचार १९७७ च्या ग्रंथात मांडणाऱ्या सोन्टॅग स्वतःच त्या विचाराचा विषय झाल्या. त्यांचे पुत्र डेव्हिड रीफ यांनी २००८ च्या आपल्या पुस्तकात या प्रकाशनाबद्दल तीव्र नापसंती व्यक्त केली. परंतु आपल्या विवेचनाच्या दृष्टीने त्याच पुस्तकातील दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. सोन्टॅग यांनी आपण मरणार हे अखेरपर्यंत स्वीकारले नाही, आणि भोवतालच्यांनाही त्यांच्याशी मरणाविषयी बोलता आले नाही. म्हणजे जे त्यांना ‘तू’ म्हणून सांगता आले नाही, ते चित्रांनी त्यांच्याविषयी ‘ती’ म्हणून सांगितले. जिवंत असत्या तर सोन्टॅग यांना हे प्रकाशन नको असते, हे लायबोविट्झ यांनीही प्रांजळपणे मान्य केले होते. प्रेक्षकाला जो संकोच होतो तो मृतदेह पाहिल्याचा नसावा. जे संभाषण झालेच नाही, त्याचा निष्कर्ष तेवढा आपल्या हाती दिला जात आहे, याचा तो संकोच आहे.

तिसरे उदाहरण जपानमधील आराकी नोबुयोशी यांचे. १९७१ साली त्यांनी पत्नी योको हिच्याबरोबरच्या मधुचंद्राची छायाचित्रे ‘भावुक प्रवास’ या अर्थाच्या नावाने स्वतःच छापली. जानेवारी १९९० मध्ये योको कर्करोगाने गेली. १९९१ मध्ये त्या जुन्या चित्रांतील काही निवडक चित्रांना जोडून ‘हिवाळी प्रवास’ हा भाग प्रसिद्ध झाला. या भागात रोजनिशीवजा मजकूर आहे. कितीतरी चित्रांत योको नाही. इस्पितळाकडे जाणाऱ्या वाटेवर पडलेली छायाचित्रकाराची सावली आहे, चिरो हे मांजर आहे, घराचा सज्जा आहे, शेवटी बर्फ आहे. रुग्ण दिसत नाही, पण कोणाकडे तरी जाणे सतत दिसते. द्वितीय पुरुष असा न दाखवताही सांगता येतो. शवपेटीतील योकोचे चित्र प्रसिद्ध केल्याबद्दल छायाचित्रकार शिनोयामा किशिन यांनी आराकींना दोष दिला होता. तो आक्षेप क्षुल्लक नाही. परंतु त्या पेटीत फुलांबरोबर चिरोच्या छायाचित्रांचे पुस्तकही ठेवलेले आहे. मृत व्यक्तीजवळ पुस्तक ठेवणे म्हणजे तिला अजून वाचक मानणे. या चित्रातही बोलणे तिच्याशीच चालू आहे. म्हणून, मृत चेहरा दोन्हीकडे असूनही, हे चित्र आणि लायबोविट्झ यांचे चित्र एका वर्गात घालता येत नाही.

यावर असा आक्षेप येईल की छायाचित्राला सर्वनामे नसतात; ही सारी कल्पना रूपकात्मक आहे. आक्षेप अंशतः मान्य केला पाहिजे. एकटे, सुटे छायाचित्र पुरुष सांगत नाही. वरील तीनही उदाहरणांत आपण पत्र, रोजनिशी, पुत्राचे पुस्तक अशा शब्दरूप पुराव्यांचा आधार घेतला, हे येथे नाकारण्याचे कारण नाही. परंतु भाषेतही पुरुष केवळ सर्वनामात नसतो. मराठीत ‘येतोस?’ म्हटले की ‘तू’ उच्चारावा लागत नाही. क्रियापदाच्या रूपातच तो असतो. चित्रमालिकेत हे काम चित्रांचा क्रम, मथळे आणि वगळलेल्या गोष्टी करतात. समीक्षकाने वाचावयाचे ते हेच.

प्रस्तुत लेखकाने आपल्या आईच्या अखेरच्या चार महिन्यांत कॅमेरा हाती घेतला नाही. त्यामुळे ज्यांनी घेतला त्यांच्यापेक्षा तो अधिक सभ्य ठरतो, असे त्याला वाटत नाही. त्या महिन्यांत तोही दाराबाहेर ‘आम्ही’ म्हणत होता. न काढलेले छायाचित्रही रुग्णाला संभाषणाबाहेर ठेवू शकते. म्हणून या प्रकारच्या मालिकांचा अभ्यास करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने ‘हे दाखवावयास हवे होते काय?’ या प्रश्नापाशी फार वेळ थांबू नये. ज्याचे चित्र आहे तो या मालिकेच्या ‘आपण’मध्ये आहे, की केवळ आपल्या ‘आम्ही’पुढे मांडलेला आहे, हे त्याने प्रत्येक पानावर तपासावे.