मनोबोध कोणत्या मापानें मोजावा?

रामदासस्वामींच्या ‘मनाचे श्लोक’ ऊर्फ ‘मनोबोध’ या २०५ श्लोकांच्या प्रकरणावर दोन आक्षेप वारंवार ऐकूं येतात. पहिला, त्यांत पुनरुक्ति फार आहे. दुसरा, मनोनिग्रहाविषयीं संस्कृत ग्रंथांत नाहीं असें त्यांत कांहीं सांपडत नाहीं. दोन्ही विधानें बव्हंशीं खरीं आहेत. परंतु त्यांवरून काढण्यांत येणारा हीनत्वाचा निष्कर्ष आम्हांस मान्य नाहीं. साधनग्रंथ शास्त्रग्रंथाच्या मापानें मोजल्याचा तो परिणाम होय.

मूळ प्रश्न पुरातन आहे. गीतेच्या सहाव्या अध्यायांत अर्जुन मनाच्या चांचल्याची तक्रार करतो आणि भगवान् त्यास अभ्यास व वैराग्य हे दोन उपाय सांगतात. पतंजलीनेंही हेच दोन उपाय दिले असून, अभ्यास दीर्घकाळ, अखंड व आदरपूर्वक केला तरच तो दृढ होतो, असें म्हटलें आहे. चौदाव्या शतकांत विद्यारण्यांनीं ‘जीवन्मुक्तिविवेक’ ग्रंथांत या विचाराचा विस्तार केला. तत्त्वज्ञान, वासनाक्षय आणि मनोनाश या तिहींचा अभ्यास एकत्र व्हावा लागतो, हें त्यांचें प्रतिपादन. म्हणजे ज्ञान ठाऊक असणें आणि तें अंगीं मुरणें यांतील अंतर पूर्वाचार्यांनीं पुरतें ओळखलें होतें. मात्र तें अंतर प्रपंचांतल्या माणसानें दररोज कसें तोडावें, हा त्या ग्रंथाचा मुख्य विषय नव्हे. त्याची दृष्टि प्राधान्यें संन्याशाकडे आहे.

मनोबोध नेमका येथें उपयोगीं पडतो. त्याचें वृत्त भुजंगप्रयात. चरणांत चार यगण, अक्षरें १२, मात्रा २०. यगणाचा आरंभ लघु-गुरु असा होतो आणि ‘मना’ हें संबोधनही लघु-गुरुच आहे. म्हणून तें चरणारंभीं सहज बसतें आणि पठण करणारा आपल्याच मनास पुनःपुन्हा हांक मारतो. ही हांकही दटावणीनें सुरू होत नाहीं; मनास सज्जन म्हणून आळविलें आहे. कित्येक ठिकाणीं लागोपाठच्या श्लोकांचा चौथा चरण एकच येतो. आक्षेपकांस हा दोष वाटतो. पण भटकलेलें मन ज्या ठिकाणीं परत आणावयाचें, तें ठिकाणच दर वेळीं बदललें तर अभ्यास कशाचा? पतंजलीनें ज्याचें लक्षण सांगितलें, तें रामदासांनीं रचनेंतच उतरविलें.

तथापि स्तुतीवर थांबणें हें परीक्षकाचें काम नव्हे. उत्तरार्धांत विवेचन ब्रह्मविचाराकडे वळतें, तेथें विधानें त्रोटक होतात, आणि ‘दासबोध’ हातीं घेतल्यावांचून नवख्या वाचकास त्यांचा अर्थ लागणें कठीण जातें. शिवाय ठेक्याचा जो गुण, तोच धोकाही आहे. जिव्हेस सवय झाली कीं मन बाजारांत असतांनाही श्लोक निर्विघ्न पार पडतात. आचरणावांचून बोलणें व्यर्थ, असें ग्रंथकारानें येथेंच बजावलें आहे. तो इशारा या ग्रंथाच्या पठणासही लागू पडतो. फलश्रुतींत मंदमतीही साधनास योग्य होतात, असें आश्वासन आहे. ग्रंथाचा अधिकारी कोण, हें त्यावरून स्पष्ट होतें.

या निर्णयाचा हस्तलिखितांच्या संग्राहकांशीं निकट संबंध आहे. रामदासी वाङ्मयाच्या संशोधनासाठीं शंकर श्रीकृष्ण देव यांनीं धुळ्यास जन्मभर परिश्रम केले. परंतु मनाच्या श्लोकांची पोथी म्हटली कीं ‘ही तर घरोघर आहे’ म्हणून ती बाजूस सारण्याची प्रवृत्ति अद्याप दिसते. आमच्या मतें नित्यपाठाची जीर्ण पोथीही पुराव्याचीच वस्तु होय. पानांचे झिजलेले कोपरे, बोटांचे डाग, श्लोकांचा क्रम, गळलेले वा पुन्हा लिहिलेले चरण, हें सर्व टिपून ठेवावें. कारण यांतील कित्येक पाठभेद पाहून लिहिण्यांतून नव्हे, तर म्हणण्यांतून उद्भवलेले असण्याचा संभव असतो. विशेषतः वृत्तासाठीं दीर्घ लिहिलेलें अक्षर व्याकरणाच्या अभिमानानें कोणी ह्रस्व करूं नये. तसें केल्यास शब्द शुद्ध दिसेल, पण यगण मोडेल.

मनोबोधानें नवें तत्त्वज्ञान सांगितलें नाहीं. ज्ञात असलेलें तत्त्व रोजच्या जिभेवर ठेवण्याची युक्ति त्यानें दिली. ती युक्ति किती हातांतून गेली, हें मुद्रित प्रतींवरून कळणार नाहीं. त्यासाठीं त्या झिजलेल्या पोथ्याच जपून ठेविल्या पाहिजेत.