बैलझुंजीची कादंबरी आणि पानं गाळणारे वाचक

मागच्या वेळी एकांनी विचारलं होतं, की ज्या गोष्टीची आपल्याला शिसारी येते तिच्यावरची कादंबरी वाचायची कशी? आज त्यासाठी एकच पुस्तक घेतो. जेम्स मिचनर यांची ‘मेक्सिको’, १९९२ सालची.

आधी एक खुलासा. बैलझुंज म्हटलं की गोव्याकडच्या मंडळींना धीरयो आठवेल. दोन बैल एकमेकांना भिडतात ती. मेक्सिकोतली झुंज तशी नाही, तिथे वळूसमोर माणूस असतो. आधी घोडेस्वार भाल्याने मानेच्या स्नायूंवर वार करतात, मग टोकदार रंगीत काड्या रोवतात, आणि शेवटी मॅटाडोर लाल कापड नि तलवार घेऊन उभा राहतो. वीसेक मिनिटांत वळू मेलेला असतो.

कादंबरीत नॉर्मन क्ले नावाचा पत्रकार आपल्या जन्मगावी, टोलेडो नावाच्या काल्पनिक मेक्सिकन शहरात येतो. निमित्त उत्सवातल्या झुंजींचं. दोन मॅटाडोर आहेत: घरंदाज, डौलदार व्हिक्टोरियानो लेआल आणि ठेंगणा, फेंगड्या पायांचा इंडियन हुआन गोमेझ. झुंजीच्या मध्येमध्ये शतकांमागे जाणारी लांबच लांब प्रकरणं येतात: पिरॅमिड बांधणारे लोक, त्यांचे नरबळी, स्पॅनिश विजेते, चांदीच्या खाणी.

आता वाचक काय म्हणतात? एक गट म्हणतो, इतिहास उत्तम, झुंजी फार झाल्या. दुसरा नेमकं उलटं सांगतो: झुंजी झकास, तो इतिहास कापायला हवा होता. तिसऱ्याने पुस्तक मिटूनच टाकलेलं असतं. गंमत म्हणजे या पुस्तकाची पहिली वाचकप्रतिक्रियाही थंडच होती. मिचनर यांनी हे हस्तलिखित १९६०च्या आसपास बरंचसं लिहिलं होतं. प्रकाशकाकडून उत्साह दिसला नाही, त्यांनी ते बाजूला ठेवलं आणि नंतर ते हरवलंच. तीसेक वर्षांनी सापडलं. त्या हकिकतीवर त्यांनी वेगळं पुस्तकही लिहिलंय.

पहिले दोन गट एकमेकांशी भांडतात, पण चूक एकच करतात. नॉर्मनच्या वडिलांनी एक पुस्तक लिहिलेलं असतं, त्याचं नाव ‘पिरॅमिड आणि कॅथीड्रल’. बापाने दोन इमारती पाहिल्या. मुलगा तिसरीत, आखाड्यात, जाऊन बसतो. तिन्ही ठिकाणी गर्दी जमते, पोशाख ठरलेले, क्रम ठरलेला, आणि मध्यभागी मरण. पहिल्या दोघांत एक तरी दगडावर, एक क्रुसावर. पिरॅमिडवरचा नरबळी वाचताना आपण शहारतो, ‘काय रानटी लोक’ म्हणतो, आणि शंभरेक पानांनी आखाड्यात लेआलचा डौल बघून खुर्चीच्या कडेवर येतो. अहो, हाच तर प्रश्न आहे! एक अर्धं गाळलंत की तो विचारलाच जात नाही. उरते एक तर सहल, नाही तर क्रीडावार्ता.

तिसऱ्या गटाबद्दल मात्र मला कबुली द्यायचीय. आमच्या वाचनमंडळात एका बाईंनी पुस्तक अर्ध्यावर परत केलं. मी त्यांना जरा वरच्या पट्टीतच सांगितलं, की कलाकृतीकडे कलाकृती म्हणून बघायला शिका. चाळीस वर्षं वर्गात हेच सांगत आलो होतो. त्या शांतपणे म्हणाल्या, “सर, वळूची वंशावळ आहे पुस्तकात. त्याला लागतं तेव्हा काय होतं, ते कुठाय?”

घरी जाऊन परत वाचलं. बाई बरोबर होत्या. लिओन लेदेस्मा नावाचा एक झुंजसमीक्षक अमेरिकन पाहुण्यांना खेळ समजावून देतो. फार चटकदार पात्र आहे, मला आवडतं. पण पाहुण्यांबरोबर आपणही त्याच्या मांडीला मांडी लावून बसतो आणि त्याची भाषा उचलतो. शैली, धैर्य, अस्सलपणा. मग खरा कोण, लेआल की गोमेझ, एवढंच विचारायचं उरतं. वळू कशासाठी मरतोय हा प्रश्न मिचनर मोठ्या आदबीने दाराबाहेर ठेवतात. हे मी आता कलेतलंच न्यून मानतो. नीतीचं म्हणून निराळं खातं मला उघडावंसं वाटत नाही. ज्या लेखकाने नरबळीची पानं इतक्या निर्भयपणे लिहिली, तो स्वतःच्या आवडीपाशी येऊन थबकला. ह्यूमने १७५७च्या निबंधात म्हटलंय, की जुन्या काळची चुकीची मतं आपण काव्यात सहज चालवून घेतो, पण क्रौर्याला क्रौर्य न म्हणणारी दृष्टी पत्करणं मनाला जमत नाही. वर्गात मी ह्यूमचा हा भाग शिकवत असे आणि पुढच्याच तासाला विसरत असे.

पण बाईंनाही मी एक सांगितलं. अर्ध्यावर परत केलंत म्हणून पिरॅमिड आणि आखाडा समोरासमोर ठेवायची संधी गेली. लेखकाने बाहेर ठेवलेला प्रश्न आत आणायची सामग्री त्यानेच पुरवलीय.

मार्च २०२५मध्ये मेक्सिको सिटीच्या विधिमंडळाने झुंजीत वळूला जखमी करायला आणि मारायला बंदी घातली. कापड राहिलं, तलवार गेली. १९४६पासून उभा असलेला तिथला प्लाझा मेक्सिको हा प्रचंड आखाडा आहेच. तेव्हा पुढचे वाचक हे पुस्तक निराळ्याच डोळ्यांनी वाचतील.

मागून प्रश्न आलाय: आपल्या बैलगाडा शर्यतींचं काय? २०१४ला सर्वोच्च न्यायालयाची बंदी, २०२३ला घटनापीठाकडून कायद्याच्या अटींवर मान्यता, हे तुम्हाला माहीत आहे. तिथे बैल मारायचा नसतो, म्हणून तुलना सरळ लागू होत नाही. पण ‘ही आमची परंपरा’ हे वाक्य दोन्हीकडे सारखंच ऐकू येतं. त्या वाक्याचाच विचार पुढच्या गुरुवारी करू. आणि हो, ‘मेक्सिको’ सहाशेहून जास्त पानांचं आहे. आजच सुरुवात करा, पानं न गाळता.