मिरजेच्या गीतेचे ताम्रमुद्रण : तंत्र आणि समाज

मिरज येथे 1805 साली तांब्याच्या पत्र्यांवरून छापलेल्या भगवद्गीतेकडे बहुधा फसलेला आरंभ म्हणून पाहिले जाते. नाना फडणिसांच्या प्रोत्साहनाने, पुण्यातील इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्या साह्याने एका तांबटाने ही विद्या संपादन केली. 1797 मध्ये मॅलेट परतला, 1800 मध्ये नाना निवर्तले, आणि काम गंगाधरराव पटवर्धनांच्या आश्रयाने मिरजेस सिद्धीस गेले. हा वृत्तान्त अ. का. प्रियोळकरांच्या 1958 च्या ग्रंथामुळे अभ्यासकांस परिचित आहे. तथापि तंत्राचा विचार केल्याखेरीज या छापाचा अर्थ उलगडत नाही.

लाकडी ठशात रेषेभोवतालचे लाकूड काढून रेषा उठावात राखतात. कापड छापणाऱ्या छिप्यांस ही रीत पूर्वीपासून अवगत होती. तांब्यावरील अक्षराची परंपरा निराळी होती. सातारा येथे मिळालेला चालुक्य विष्णुवर्धनाचा सातव्या शतकातील ताम्रपट घेतला, तर त्यावरील अक्षर सुलटे कोरलेले आहे, कारण पत्रा हाच तेथे वाचावयाचा लेख होय. छपाईच्या पत्र्यावर मात्र अक्षर उलटे कोरावे लागते. पत्रा केवळ साधन उरतो आणि लेख कागदावर अवतरतो.

उलटे अक्षर कोरणे महाराष्ट्रास नवीन होते काय? साताऱ्याच्या छत्रपतींचे व त्यांच्या प्रधानांचे शिक्के पाहिले असता उत्तर नकारार्थी येते. पत्राच्या शिरोभागी उमटणारा शिक्का व अखेरीचे मोर्तब ही उलट्या देवनागरीच्या कोरीव कामाचीच फळे होत. तेव्हा कौशल्य घरचेच होते. नवे होते ते प्रयोजन. शिक्का अधिकाराची पुनरावृत्ती करतो, मुद्रित पोथी संहितेची करते.

ही संहिता कोणती निवडली, हा प्रश्न येथे निर्णायक ठरतो. अठरा अध्यायांची, सुमारे सातशे श्लोकांची गीता स्थिरपाठ आहे; पत्र्यात कोरलेला पाठही स्थिरच राहतो. सुट्या खिळ्यांनी आज एक ग्रंथ जुळवावा व उद्या दुसरा, ही सोय पत्र्यास नाही. म्हणून साधन व संहिता परस्परांस अनुरूप होती असेच म्हणावे लागते. दफ्तरातील नित्य बदलणारी मराठी मोडीत लिहिली जाई. तिला अशा पत्र्याचा उपयोग नव्हता आणि आश्रयदात्यांसही तिच्या मुद्रणाची निकड भासली नाही.

त्याच 1805 साली बंगालमधील श्रीरामपूर येथे विल्यम केरीचे मराठी व्याकरण देवनागरी खिळ्यांनी छापले गेले. 1810 च्या त्याच्या कोशात मोडी खिळेही आले. परभाषकास मराठी शिकवावयाची होती, म्हणून तेथे बोलीचे मुद्रण झाले. मिरजेस पवित्र ग्रंथ जतन करावयाचा होता, म्हणून संस्कृतचे झाले. मिरजेचा कारागीर कमी पडला नाही. त्याच्या हाती देण्याजोगा ग्रंथ आपल्या भाषेत आहे, ही जाणीव समाजात उशिरा आली. गणपत कृष्णाजींनी 1831 मध्ये मुंबईस शिळाछापावर पंचांग छापले, तेव्हा नित्य व्यवहाराची गरजच मुद्रणाची प्रेरणा बनली होती. त्यामुळे मिरजेच्या गीतेस फसलेला आरंभ न म्हणता, पोथीपरंपरेने नवे तंत्र स्वतःच्या अटींवर स्वीकारल्याचा पुरावा मानणे अधिक युक्त होय.